गोव्यात गोमंतकीयालाच टॅक्सी नाही!

ज्या राज्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या घरात होती आणि ज्या राज्यात २०२४ साली सरकारच्याच आकड्यांनुसार एक कोटीहून अधिक पर्यटक येऊन गेले. ज्या राज्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोकण रेल्वे धावते आणि किनाऱ्यावरच्या बड्या हॉटेलांच्या फाटकांबाहेर टॅक्सींच्या रांगा अहोरात्र उभ्या असतात. त्या राज्यात इस्पितळातून सुटलेल्या आईला तिन्हीसांजेनंतर घरी न्यायला गोमंतकीय माणसाला वाजवी भाड्यात टॅक्सी मिळत नाही. ही स्थिती काल-परवा उद्भवलेली नाही आणि ती कोणापासून लपलेलीही नाही. मुख्यमंत्र्यांना ती ठाऊक आहे, वाहतूक खात्याला ठाऊक आहे, चाळीसच्या चाळीस आमदारांना ठाऊक आहे आणि टॅक्सी संघटनांच्या पुढाऱ्यांना तर सर्वांहून अधिक ठाऊक आहे, कारण तिचे कर्ते तेच आहेत. एवढ्या सगळ्यांना जे ठाऊक आहे त्यावर एवढ्या सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावून बसावे, हा योगायोग नाही. हे संगनमत आहे.

थिवी स्थानकावर मुंबईची गाडी रखडत रखडत रात्री उशिरा लागते, तेव्हा फलाटाबाहेर काय चालते ते बार्देश-डिचोलीच्या लोकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. उतारू बाहेर येऊ लागतात आणि टॅक्सीवाल्यांच्या नजरा आधी सामानावर जातात. चाकांची मोठी बॅग, डोक्यावर गॉगल, तोंडी हिंदी किंवा इंग्रजी दिसली की चौघे धावतात, बॅग हातातून घेतात, कळंगुट, बागा, हणजूण अशी नावे कानांवर आदळू लागतात. त्याच दारातून डोंबिवलीच्या लेकीकडे राहून आलेली साठीची बाई बाहेर पडते. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात सुतळीने बांधलेला खोका. तिच्याकडे कोणी धावत नाही. कुठे जायचे, हा प्रश्न तिला येतो तो बसल्या जागेवरून, मोबाइलवरची नजर न उचलता. म्हापशाला, असे ती सांगते. दहा-बारा किलोमीटरचा रस्ता. पण आकडा असा फेकला जातो की तेवढ्यात तिचे मुंबईहून थिवीपर्यंतचे तिकीट निघाले असते. ती घासाघीस करू पाहते तर उत्तर मिळते, येताना रिकामे यावे लागते, परवडत नसेल तर बस बघा. बस संध्याकाळीच गेलेली असते. बाई पायरीवर टेकते, भाच्याला फोन लावते आणि तासाभराने तो स्कूटर घेऊन आला की खोका पायांशी ठेवून, पावसात भिजत, घर गाठते. ती याच मातीतली आहे, तिने इथे कर भरलेला आहे, इथे मत दिलेले आहे. तिच्याच तालुक्यातल्या माणसाने तिला गिऱ्हाईक म्हणूनसुद्धा मोजले नाही.

बांबोळीला तर याहून वाईट. गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, काणकोण, सांगे, सत्तरीतून रुग्ण येतात. सीमेपलीकडून दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्यातून येतात, कारण दुखणे हाताबाहेर गेले की सिंधुदुर्गातल्या गोरगरिबांनाही बांबोळीचाच आधार असतो. पायाला प्लास्टर घातलेला मजूर, डायलिसिसने गळून गेलेली बाई, सलाइनची सुई नुकतीच काढलेले मूल, यांनी दोन बसगाड्या बदलून वाळपईच्या पुढे जावे, असे सांगायला कोणाची जीभ धजेल काय? त्यांना टॅक्सीच लागते. आणि त्यांना टॅक्सी लागतेच, हे इस्पितळाबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला पक्के माहीत असते. म्हणून भाडे किलोमीटरवर ठरत नाही. समोरचा किती अडला आहे, पलीकडे बस उभी आहे की गेली, बरोबर बाईमाणूस आहे की पुरुष, रात्र किती झाली आहे, यावर ठरते. ज्या इस्पितळात आपल्या माणसांवर जवळजवळ विनामूल्य उपचार होतात, त्याच्या दारातून घरी जायला आठवड्याची मजुरी मोजावी लागावी, हा आजाऱ्याच्या अंगावरचा दरोडा आहे.

आता कायदा पाहा. टॅक्सीचा परवाना हा वाडवडिलांनी मागे ठेवलेला वतनाचा कागद नाही. लोकांची सोय व्हावी म्हणून लोकांच्या सरकारने दिलेली ती सशर्त परवानगी आहे. १९८८चा मोटार वाहन कायदा भाडे ठरवून देण्याचा अधिकार राज्य सरकारला देतो, टॅक्सीत मीटर हवा आणि तो चालू स्थितीत हवा ही अट परवान्यात घालण्याचा अधिकार देतो, आणि उतारूला नेण्यास नकार देणाऱ्याला कलम १७८ खाली दंड सांगतो. गोव्यात भाड्याचे दर अधिसूचित झालेले आहेत. डिजिटल मीटरच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सरकारला बजावले, तेव्हा कुठे खात्याचे चाक हलले. एप्रिल २०२१मध्ये टॅक्सीवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या, पणजीच्या आझाद मैदानावर ठाण मांडले आणि गोवा माइल्स ही ॲपसेवा बंद करा म्हणून राज्य वेठीस धरले. मग सरकारने काय करावे? मीटरचा खर्च सरकारी तिजोरीतून परत देण्याची योजना आणली. तिजोरी कोणाची? ज्या बाईला थिवीच्या पायरीवर बसवले, तिची. तिच्या पैशांनी टॅक्सीत मीटर बसला आणि तिने मीटरप्रमाणे चला म्हटले तर तिला खाली उतरवले जाते. मीटरचा पडदा काळा, विचारले तर बिघडला आहे, पुन्हा विचारले तर अरेरावी. हेल्मेट विसरलेल्या कॉलेजच्या मुलीला गाठून चलन फाडणाऱ्या यंत्रणेला भर चौकातून बंद मीटरने जाणारी टॅक्सी अडवता येत नाही. पाचशे रुपयांपर्यंतचा दंड कायद्यात आहे, तो मुळातच क्षुल्लक आहे, आणि तोही वसूल करण्याची हिंमत या खात्यात उरलेली नाही.

पर्यटकाची लूट आणि गोमंतकीयाची उपेक्षा ही दोन वेगळी दुखणी आहेत असे भासवले जाते. ती एकाच रोगाची दोन अंगे आहेत, आणि तो रोग नीट समजून घेतला पाहिजे. दिवसभर दहा वाजवी भाडी मारण्यापेक्षा एकच मोठे सावज गाठावे, ही या धंद्याची रीत होऊन बसली आहे. हॉटेलच्या फाटकाशी टॅक्सी चार-चार तास उभी राहते, कारण एका पर्यटकाची विमानतळवारी दिवसाची भरपाई करते. त्या चार तासांत समोरच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात पोहोचवून परत येता आले असते. पण तो म्हातारा दर जाणतो, रस्ता जाणतो, म्हणून तो नकोसा. भाडे जास्त म्हणून फेऱ्या कमी आणि फेऱ्या कमी म्हणून भाडे जास्त, अशा या फेऱ्यात त्यांनी स्वतःला अडकवून घेतले आहे आणि त्याची शिक्षा मात्र आम्ही भोगतो आहोत.

आणि ते परतीचे रिकामे येणे! या एका सबबीवर दुप्पट भाडे उकळले जाते. पण टॅक्सी रिकामी परत का येते? फोंड्याहून उतारू घेऊन आलेल्या टॅक्सीने कळंगुटच्या हॉटेलातून परतीचा उतारू उचलला तर स्थानिक स्टँडवाले तिला घेराव घालतात. मोप्याचे उतारू पेडण्याचे, दाबोळीचे उतारू मुरगावचे, या फाटकाचे आमचे, त्या वळणापलीकडचे तुमचे, अशा हद्दी या मंडळींनी आपापसांत आखून घेतल्या आहेत. कायद्याने त्या आखलेल्या नाहीत. आपणच आपल्या भावाला भाडे घेऊ द्यायचे नाही, त्याला रिकामा पिटाळायचे आणि त्या रिकाम्या फेरीचे पैसे उतारूच्या बोकांडी बसवायचे! एवढ्यावर हे थांबत नाही. हॉटेलात लग्नाला आलेल्या बहिणीला न्यायला भाऊ स्वतःची गाडी घेऊन गेला तर त्याला अडवून ही तुमची कोण, असे विचारण्यापर्यंत मजल गेल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत. आपल्याच राज्यात, आपल्याच गाडीत, आपल्याच बहिणीला बसवायला गोमंतकीयाने कोणापुढे नात्याचा पुरावा ठेवायचा? हा अधिकार या टोळक्यांना कोणत्या विधानसभेने दिला?

याच गोव्यात मोटरसायकल पायलट आहे. पिवळ्या मडगार्डची दुचाकी घेऊन तो तिठ्यावर, बाजाराच्या तोंडाशी, फेरीधक्क्यावर उभा असतो. तो बाजारहाट करून निघालेल्या बाईला पिशवीसकट नेतो, इस्पितळातल्या परिचारिकेला पाळी संपल्यावर घरापर्यंत सोडतो, अंतर दोन किलोमीटरांचे असले तरी तोंड वाकडे करत नाही. त्याच्या मागे कोणी आमदार उभा नाही, त्याच्यासाठी विधानसभेत गदारोळ होत नाही. त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः गावचेच असते आणि उद्या पुन्हा तोच चेहरा समोर येणार आहे हे त्याला माहीत असते. कमाईच्या मानाने पाहिले तर तो टॅक्सीवाल्यापुढे काहीच नाही. पण गोमंतकीयांचा त्याच्यावर विश्वास आहे, आणि हा विश्वास त्याने कष्टाने कमावलेला आहे. स्थानिकांना सेवा देऊन पोट भरता येत नाही, असे ज्यांचे म्हणणे आहे त्यांनी कोणत्याही तिठ्यावरच्या पायलटाकडे जाऊन ते एकदा ऐकवून दाखवावे.

या सगळ्या व्यवहारावर पांघरूण घातले जाते ते गोंयकारपणाचे. बाहेरच्या कंपन्या आल्या तर भूमिपुत्र देशोधडीला लागेल, ॲप आले तर गोव्याची अस्मिता बुडेल, मीटर आला तर गोमंतकीय कुटुंबे उपाशी मरतील, असा आक्रोश दर निवडणुकीआधी आणि दर आंदोलनात ऐकू येतो. आम्ही विचारतो, टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसणारा भूमिपुत्र नाही काय? पायरीवर बसलेली ती बाई, गोमेकॉच्या दारात ताटकळणारा तो मजूर, रात्रपाळी संपवून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून बाहेर पडणारी ती पोरगी, यांच्या सात पिढ्या याच मातीत गेल्या. यांचा गोंयकारपणा कुठे गेला? २०१८ साली गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने गोवा माइल्स ही ॲपसेवा सुरू झाली. तिच्या गाड्या चालवणारेही गोमंतकीय तरुणच होते. त्यांच्या गाड्या अडवल्या, त्यांना शिवीगाळ झाली, मारहाणीच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. भूमिपुत्राच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी भूमिपुत्राच्याच गाडीची काच फोडली, तेव्हा त्यांची अस्मिता कुठे दडून बसली होती? गोंयकारपण हे यांच्यासाठी रास्ता रोकोच्या दिवशी काढायचे आणि उतारू समोर आला की घडी घालून ठेवायचे निशाण आहे.

टॅक्सीवाल्याची बाजू आम्हाला समजत नाही असे कोणी म्हणू नये. गाडीवर बँकेचे कर्ज असते, विम्याचा हप्ता दरवर्षी वाढतो, पावसाळ्याचे चार महिने धंदा मंदावतो. पेडण्याच्या शेतकऱ्याने मोपा विमानतळासाठी जमीन दिली. ५ जानेवारी २०२३पासून तिथे विमाने उतरू लागली. आणि जमीन गमावलेल्या घरातला मुलगा टॅक्सीचे स्टीअरिंग धरून त्याच विमानतळाच्या दाराशी उभा राहिला, तर त्याला तिथे हक्काचे काम मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्या मागणीत आम्ही त्याच्या बरोबर आहोत, काल होतो, उद्याही राहू. पण त्याचे भांडण ज्या सरकारशी आहे त्या सरकारच्या अंगावर तो जात नाही. तो भांडण काढतो त्याच गावच्या शिक्षिकेशी, त्याच तालुक्यातल्या रुग्णाशी. सरकारने त्याची फसवणूक केली असेल तर त्याची वसुली सरकारकडून व्हावी. ती शेजाऱ्याच्या खिशातून करण्याचा त्याला काडीचाही अधिकार नाही. आणि या व्यवसायात मीटरप्रमाणे चालणारे, रात्री-अपरात्री गावच्या माणसाच्या हाकेला धावणारे, विसरलेली पैशांची पिशवी घरी आणून देणारे टॅक्सीवाले आहेत, हेही आम्ही ठामपणे सांगतो. त्यांना स्टँडवर गप्प बसवले जाते. कमी भाडे घेतले म्हणून त्यांनाच दम भरला जातो. संघटनांचे पुढारी ज्यांच्या नावाने बोलतात त्यांच्यातल्या सज्जनांचे तोंड त्यांनीच दाबून धरले आहे.

मग सरकार हे का चालू देते? उत्तर विधानसभेच्या रचनेत आहे. चाळीस मतदारसंघ, एकेका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार, आणि जिंकण्या-हरण्याचे अंतर अनेकदा हजार-दोन हजार मतांचे. किनाऱ्यावरच्या एखाद्या स्टँडवरचे टॅक्सीवाले, त्यांची घरे, त्यांचे भाऊबंद एकगठ्ठा मोजले की आमदाराच्या पायाखालची जमीन हलते. उलट, रात्री थिवीला अडकलेल्या बाईची संघटना नाही. गोमेकॉबाहेरचे रुग्ण आझाद मैदानावर ठाण मांडू शकत नाहीत. जो ओरडतो त्याचे सरकार ऐकते आणि जो सोसतो त्याला सरकार आणखी सोसायला लावते. २०२५च्या मे महिन्यात सरकारने ॲप-टॅक्सीसाठी नियमांचा मसुदा काढला. टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले. सत्ताधारी आमदारांनी आपल्याच सरकारच्या मसुद्यावर तोंडसुख घेतले. आणि सरकारने माघार घेतली. विरोधकांची गत याहून बरी नाही. एरवी सरकारच्या प्रत्येक फाइलवर शंका घेणारे हे शूर वीर टॅक्सीचा विषय निघताच स्टँडवर हजेरी लावतात, खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतात आणि उतारूचा उच्चारही करत नाहीत. सत्ताधारी आणि विरोधक एरवी एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. गोमंतकीय उतारूला वाऱ्यावर सोडण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्यात तसूभरही मतभेद नाही. यांच्यापैकी एकानेही रात्री दहानंतर टॅक्सीसाठी हात केलेला नाही. सरकारी गाडी दाराशी, चालक सरकारी, पेट्रोल सरकारी. ज्यांना कधी टॅक्सी लागत नाही त्यांच्या हातात टॅक्सीचे धोरण आहे.

या भित्रेपणाची किंमत रोज मोजली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या ४५ टक्क्यांहून अधिक कुटुंबांकडे मोटार असल्याचे आढळले. देशातले हे सर्वांत मोठे प्रमाण. हा आकडा मंत्री समृद्धीची खूण म्हणून मिरवतात. आम्हाला त्यात नाइलाज दिसतो. कदंब महामंडळ १९८० साली स्थापन झाले. त्याला चार दशके उलटून गेली. आजही अंतर्गत गावांतली शेवटची बस दिवेलागणीच्या सुमारास निघून जाते. बस नाही, टॅक्सी मीटरने येत नाही, म्हणून ज्याला परवडते तो कर्ज काढून मोटार घेतो, ज्याला परवडत नाही तो हप्त्यावर स्कूटर घेतो आणि घरातले अठरा वर्षांचे पोर रात्री कामावरून परतताना अंधाऱ्या वळणावर एकटे सापडते. लग्नात दोन घोट घेतलेला माणूस स्वतःच गाडी हाकतो, कारण घरी सोडणारी टॅक्सी त्याच्या ऐपतीबाहेरची आहे. दृष्टी अधू झालेला सत्तरीचा निवृत्त शिक्षक गाडी चालवणे सोडत नाही, कारण ते सोडले तर तो घरात कोंडला जाईल. रस्त्यांवरची कोंडी, पार्किंगची मारामारी, अपघातांच्या बातम्या यांची चर्चा विधानसभेत दर अधिवेशनात होते. त्यांच्या मुळाशी असलेल्या टॅक्सीचे नाव घ्यायला तिथे कोणी तयार नाही.

कोणी असा समज करून घेऊ नये की आम्ही बड्या ॲप-कंपन्यांची वकिली करत आहोत. त्या कंपन्या मुंबई-पुण्यात काय करतात ते आमच्या वाचकांच्या मुलाबाळांनी भोगले आहे. आधी स्वस्त दराची भुरळ घालायची, मग पाऊस पडला की भाडे वाढवायचे, चालकाने फोन करून कुठे जायचे आणि पैसे रोख की ऑनलाइन असे विचारायचे, उत्तर पसंत पडले नाही की फेरी रद्द करायची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी जवळचे भाडे नाकारून उतारूला जेरीस आणले, म्हणून तो या कंपन्यांकडे वळला, आणि तिथेही त्याच्या वाट्याला नकारच आला. गोव्यातल्या टॅक्सी संघटनांनी यातून एक गोष्ट ओळखायला हवी होती. उतारूला इतके छळले की तो परक्याचेही स्वागत करायला तयार होतो. या कंपन्यांना गोव्याचे दार उघडून देणारा माणूस दिल्लीत किंवा बंगळूरुत बसलेला नसेल. तो थिवीच्या स्टँडवर बसलेला असेल. आम्हाला परकी कंपनी नको आहे. आम्हाला आमच्याच माणसाची, आमच्याच कायद्याप्रमाणे चालणारी टॅक्सी हवी आहे, आणि ती मागताना आम्ही कोणापुढे पदर पसरत नाही.

मागणी साधी आहे. प्रत्येक टॅक्सीतला मीटर चालू झालाच पाहिजे आणि त्याची तपासणी कार्यालयात कागदावर न होता स्थानकाबाहेर, इस्पितळाबाहेर, विमानतळाबाहेर, रात्री झाली पाहिजे. पेडणे, थिवी, करमळी, मडगाव आणि काणकोण या स्थानकांवर आणि गोमेकॉच्या दाराशी शेवटची गाडी आणि शेवटचा रुग्ण जाईपर्यंत अधिसूचित दराची प्रीपेड खिडकी उघडी असली पाहिजे, आणि खिडकीवर दरपत्रक मराठी-कोंकणीत, म्हाताऱ्या माणसाला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावलेले असले पाहिजे. स्टँडच्या हद्दी बेकायदा आहेत हे सरकारने लेखी जाहीर करावे आणि त्या राखण्यासाठी दुसऱ्याची गाडी अडवणाऱ्यावर गुन्हा नोंदवावा. रात्रीच्या बसगाड्या वाढवाव्यात, ते तर कदंबचे कामच आहे. यांतल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही, नवी समिती लागत नाही, नवा मसुदा लागत नाही. परवान्याच्या अटी मोडणाऱ्याचा परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार १९८८च्या कायद्याच्या कलम ८६ने दिलेला आहे, आणि तो गेली कित्येक वर्षे खात्याच्या कपाटात धूळ खात पडला आहे. सरकारकडे अधिकार आहे, पैसा आहे, मनुष्यबळ आहे. नाही तो कणा.

सरकारने आता आणखी एक बैठक बोलावू नये. संघटनांच्या पुढाऱ्यांना चहा पाजून, आश्वासन देऊन, तोडगा निघाल्याचे पत्रक काढून लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचे दिवस संपले आहेत. अशा किती बैठका झाल्या आणि त्यांतल्या एकाही बैठकीला उतारूंचा प्रतिनिधी बोलावला गेला काय, हे सरकारने जनतेला सांगावे. गोमंतकीय मतदार शहाणा आहे. कोण कोणाला मिंधा आहे हे त्याला कळते, आणि २०२७ साली मत मागायला दाराशी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला तो हा प्रश्न विचारणार आहे. तोवर वाहतूकमंत्र्यांनी एवढेच जाहीर करावे: बंद मीटरने भाडे मारणाऱ्या टॅक्सीचा परवाना रद्द करण्याची पहिली नोटीस कोणत्या तारखेला निघणार?